आत्याबाईंनी नाव घेतलं

"मावशी, तू फक्त नाव घे. बाकीचं सगळं मी बघतो," निरंजन म्हणाला आणि आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला.

रविवार होता, सकाळचे साडेनऊ वाजले होते. आमच्या रहिमतपूरच्या घरात पुढच्या खोलीत शिवणाची चार मशिनं आहेत, तिथं आम्ही तिघं बसलो होतो. मी, माझ्या सासूबाई आणि निरंजन. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो, आमच्याकडची रीतच तशी आहे. निरंजन म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. वय सत्तावीस, पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत कामाला, आणि जे काही नवीन निघेल त्याच्या पाठीमागे धावणारा. पण मनानं सरळ. तर आपण असं काय बोललो की मावशी लाजली, हे त्याला कळेचना.

"घे ना, परवडतंय आपल्याला," तो म्हणाला.

आत्याबाई आणखीच वळल्या. "अरं, सकाळच्या पारी? हितं काय मंगळागौर हाय का?"

मला हसू आवरेना. तो म्हणत होता नाव विकत घे, आणि ह्यांना वाटत होतं की भाचा उखाणा घ्यायला सांगतोय.

आत्याबाईंचं आणि नावाचं प्रकरण आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. माझे सासरे मार्तंड खटावकर. गावात मार्तंड मास्तर. चाळीस वर्षं त्यांनी बाजारपेठेत शिंपीकाम केलं. आत्याबाईंनी लग्नात आणि पुढं हळदीकुंकवाला उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, एरवी त्यांचं नाव तोंडातून काढलं नाही. आता मी माझ्या नवऱ्याला, सुहासला, सरळ सुहास म्हणते, कधी कधी त्याच्या वरचंही म्हणते. पण ह्यांची गोष्ट वेगळी. अडचण अशी की आमचं कुलदैवत खंडोबा, आणि खंडोबाच्या आरतीत पालुपदातच मार्तंड येतो. म्हणजे दर कडव्याला येतो. आत्याबाई टाळ वाजवत खणखणीत आवाजात आरती म्हणायच्या आणि तो शब्द आला की ओठ मिटायच्या. शब्द गेला की पुन्हा सुरू. मास्तर गेले त्यालाही तेव्हा सहा वर्षं झाली होती, तरी तो खंड तसाच.

मी आत्याबाईंना समजावलं की हा विकत घ्यायचं म्हणतोय, दुकानाचं नाव, कॉम्प्युटरवरचं. तेव्हा त्यांनी पदर खाली केला. "मग तसं सरळ बोलावं की," म्हणाल्या आणि काजं करायला घेतली.

ह्या नावापायी माझा जीव महिनाभर टांगणीला लागला होता. झालं होतं ते असं.

मास्तर गेल्यावर मी शिवलेल्या नऊवारीचं काम सुरू केलं. हल्लीच्या मुलींना नऊवारी नेसता येत नाही, पण हौस दांडगी. ओचा, कासोटा सगळं शिवून दिलेलं, परकरासारखी चढवली की झालं. नवऱ्या मुली, बारशाच्या आया, शाळेतली लेझीम पथकं. हळूहळू आठ बायका हाताखाली आल्या. नाव ठेवलं मार्तंड नऊवारी, कारण पंचक्रोशीत मास्तरांचा हात लोकांना माहीत होता. मग साताऱ्याच्या एका गृहस्थांकडून वेबसाईट करून घेतली. मोठ्या तोऱ्यात तो पत्ता मी प्रत्येक खोक्यावर, लेबलावर आणि कार्डावर छापला.

आता माझं शहाणपण ऐका. मला वाटत होतं की ते नाव एकदा घेतलं की घेतलं. ते वर्षाच्या भाड्यानं असतं हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्या गृहस्थांनी ते घेतलं होतं स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर. पुढं ते गेले दुबईला. भाडं भरा, भाडं भरा म्हणून निरोप येत होते ते त्यांना. त्यांनी बघितले नाहीत की बघून सोडून दिले, देव जाणे. मुदत संपली, नाव मोकळं झालं आणि कुणीतरी उचललं.

मला कळलं ते लोणंदच्या एका वधूमातेच्या फोनमुळे. ती बिचारी हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुमच्या खोक्यावरचं नाव टाकलं तर रमी खेळायला बोलावतायत हो."

मी उघडून पाहिलं. वर इंग्रजीत मार्तंड, आणि खाली बदाम, इस्पिक, पैसे जिंका. ज्या माणसानं जन्मात पत्त्याला हात लावला नाही त्याच्या नावाखाली. नाव परत देता का म्हणून त्या लोकांना लिहिलं, तर त्यांनी दीड लाख सांगितले. आत्याबाईंना मी दाखवणार नव्हते, पण आमच्याकडच्या बायकांत बातमी दहा मिनिटं टिकत नाही. जेवताना आत्याबाईंनी फक्त एक भाकरी कमी खाल्ली.

म्हणून मी निरंजनला बोलावलं होतं. आणि तो लॅपटॉप उघडून असा काही बोलायला लागला की मी मान डोलावतच राहिले. तो म्हणाला, वहिनी, जुन्या पद्धतीचं नाव म्हणजे भाडेपट्टा. दरवर्षी भरा, विसरलात की गेलं. आता नवीन निघालंय ते ब्लॉकचेनवरचं नाव. ती कायमची खरेदी. एकदा पैसे भरायचे, परत कधीही नाही. त्याची नोंद होते एका वहीत, पण ती वही एका ऑफिसात नसते, जगभर हजारो कॉम्प्युटरांवर तीच वही एकदम लिहिली जाते. त्यामुळं एकानं पान फाडलं तरी उरलेल्यांकडे शिल्लक. कुणी साहेब नाही, कुणी कारकून नाही, कुणाला खाडाखोड करता येत नाही.

"कुणीच काढून घेऊ शकत नाही?" मी विचारलं.

"कुणीच नाही. कंपनी बुडाली तरी नाही."

एवढं ऐकून मी अर्धी विरघळले. नुसतं मार्तंड एवढं नाव हवं तर अठरा हजार. छोटी नावं महाग असतात म्हणे. माझ्याकडे बावीस हजार बाजूला काढलेले होते, इंटरलॉकच्या मशीनसाठी. मशीन काय, पुढच्या वर्षी घेता येईल. पण नाव पुन्हा गेलं तर मी आत्याबाईंना तोंड कसं दाखवणार? मी मनातल्या मनात अठरा हजार देऊनसुद्धा टाकले होते.

त्यानं स्वतःचं नाव असंच घेतलेलं दाखवलं. झोकात उघडलं. त्याचा फोटो, त्याची माहिती, सगळं. आत्याबाईंनीही चष्मा लावून पाहिलं आणि "गोरा दिसतोयस फोटोत" एवढंच म्हणाल्या.

अकराला शिरतोडे बाई आल्या. त्या कोरेगावच्या एका शाळेत खेळाच्या शिक्षिका. डिसेंबरात त्यांचं स्नेहसंमेलन होतं आणि बेचाळीस मुलींचं लेझीम पथक उभं राहणार होतं. बेचाळीस नऊवारी, एका रंगाच्या, प्रत्येकीच्या मापाच्या. एवढं मोठं काम माझ्याकडे पहिल्यांदाच येत होतं. त्यावर आठ बायकांचा डिसेंबर आणि जानेवारीचा घरखर्च निघणार होता. बाईंनी कापड चिमटीत धरून पाहिलं, टाके उलटे करून पाहिले, खूश झाल्या. मग म्हणाल्या की शाळा पैसे देत नाही, मुलींच्या आया देणार, तेव्हा तुमचं जे काही इंटरनेटवरचं नाव असेल ते मला द्या. मी ते पालकांच्या ग्रुपवर टाकते. प्रत्येक आई घरी बसून माप भरेल, रंग बघेल आणि पैसे पाठवेल. तेवढं आज दुपारपर्यंत पाहिजे, कारण साताऱ्याच्या एका दुकानदारानंही आपलं पाठवलंय.

"जुन्या नावाचं काहीतरी झालंय म्हणे," त्या मला सांभाळून घेत म्हणाल्या.

"नवीन घेतोय की आता," मी छाती पुढं काढून म्हणाले. "ह्याला कुणी हात लावू शकत नाही."

निरंजन म्हणाला, नमुना म्हणून माझंच नाव टाकून बघा बाई. बाईंनी पर्समधून मोबाईल काढला आणि एकेक अक्षर टाकलं. काही उघडेना. गूगलनं दुसऱ्याच कुणा निरंजनांची यादी काढून दिली, त्यात एक दंतवैद्य होते. निरंजननं मोबाईल हातात घेतला. म्हणाला, ह्यात आधी एक वेगळं ॲप घ्यावं लागेल, साध्या ब्राऊझरला ही नावं कळत नाहीत. ॲप घ्यायला गेला तर मोबाईलात जागा नाही. बाईंनी नातवाचे दोन व्हिडिओ नाइलाजानं पुसले. ॲप आलं. मग त्यानं आत जाऊन काही सेटिंग बदलली, मग ते कुठली तरी परवानगी मागायला लागलं. वीस मिनिटं झाली. शेवटी निरंजनचा गोरा फोटो उघडला.

शिरतोडे बाई तोपर्यंत चहा पिऊन मोकळ्या झाल्या होत्या. त्या काही रागावल्या नाहीत. मोबाईल पर्समध्ये ठेवत म्हणाल्या, "चांगलं आहे. पण हे मी बेचाळीस आयांना कसं सांगू?"

मी निरंजनकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. त्याच्या जागी दुसरा असता तर काहीतरी थाप मारून वेळ निभावली असती. तो मात्र म्हणाला, "खरं आहे बाई. अजून सगळीकडे उघडत नाही. पुढं उघडेल असं सगळे म्हणतात, पण आज नाही."

मग मी एकेक विचारत गेले आणि तो एकेक कबूल करत गेला. हेच नाव, मागची डॉट कॉमसारखी शेपटी बदलून, दुसरी कंपनी दुसऱ्या कुणाला विकू शकते का? शकते. त्या माणसानं तिथं पुन्हा रमी मांडली तर आपण कुणाकडे जायचं? जायचं असं कुणी नाही, तिथं साहेबच नाही ना. म्हणजे आपलं कुणी काढून घेऊ शकत नाही, तसं दुसऱ्याचंही आपल्याला काढायला लावता येत नाही. आणि कार्डावर छापलं तर? तर लोक विचारतील की उघडत का नाही. अठरा हजार माझ्या मनातून जसे गेले होते तसे परत आले. मला राग यायला हवा होता, पण त्याचा चेहराच असा झाला होता की मी त्याला आणखी एक कप चहा दिला.

त्यानं भरपाईही तिथंच केली. म्हणाला, वहिनी, तुम्हाला लागतंय ते साधं भाड्याचंच नाव. फक्त ते तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या मोबाईल नंबरवर पाहिजे. आणि एकदम दहा वर्षांचं भाडं भरून टाका. आमच्या समोर त्यानं इंग्रजीत मार्तंड नऊवारी रहिमतपूर असं लांबलचक नाव शोधलं. कुणीच घेतलेलं नव्हतं, कोण घेणार? सगळीकडे माझं नाव टाकलं, पासवर्ड मला ठरवायला लावला. जुने फोटो चढवले, मापं भरायचा कागद केला. शिरतोडे बाई जेवायला थांबल्या. दीड वाजता त्यांनी ग्रुपवर पाठवलं आणि पावणेदोनला पहिल्या आईनं आपल्या मुलीची कंबर चोवीस म्हणून कळवलं. माझा जीव भांड्यात पडला. बाई गेल्या तेव्हा मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले आणि परत येताना अक्षरशः गुणगुणत होते.

आत आले तर आत्याबाई निरंजनच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या होत्या.

"ते दुसरं," त्या त्याला विचारत होत्या. "कायमचं. ते खरंच पुसत न्हाई?"

"नाही, मावशी."

"नि मी मेल्यावर?"

"तरी राहतं. फक्त ते चालवायचं असेल तर बारा शब्द लागतात. घेताना ते बारा शब्द मिळतात, इंग्रजी. ज्याच्याकडे ते शब्द त्याचं नाव. वारसाला ते कागदावर लिहून ठेवायचे. तिथं वारसाची नोंद, दाखला, असलं काही नसतं."

"नि कागद हरवला तर?"

"मग कुणालाच त्याला हात लावता येणार नाही. बदलता येणार नाही, विकता येणार नाही. नाव तसंच राहील."

"राहील ना पर?"

"राहील."

आत्याबाईंनी चष्मा काढला. "मग मला घे त्यातलं एक."

मी मध्ये पडले. म्हटलं, आत्याबाई, आत्ताच बघितलंत ना, ते कुणाच्या मोबाईलवर उघडतसुद्धा नाही. आपलं काम झालं की आता. दुकानाला नाव मिळालं, ऑर्डर मिळाली. निरंजनही म्हणाला, मावशी, खरं सांगू का, धंद्यासाठी मीच नको म्हणेन. कुणी बघायला येणार नाही तिथं.

"कुणी बघायला नगंच हाय," त्या म्हणाल्या. "दुकानाचं तुमचं तुम्ही बघा. हे माझं."

माझा आवाज जरा चढलाच असणार. म्हटलं, आत्याबाई, पण कशाला?

त्यांनी हातातलं काजाचं कापड मांडीवर नीट पसरलं आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या.

"हे गेले, त्याच्या पंधराव्या दिवशी मी रेशनकार्ड घेऊन गेले. तिथल्या बाईनं इचारलं, कुणाचं नाव कमी करायचंय? मला सांगता येईना. कागदावर लिहून दिलं. मग मतदार यादी. मग ग्यास. मग लाईटबिल. मग ब्यांक. सुहासला रजा न्हवती, तुझी पोर तान्ही. सगळीकडं मीच गेले. सगळीकडं तेच, नाव कमी करायचा अर्ज. माझ्या सहीनं मी त्यांचं नाव सगळीकडनं कमी करून आले, वैजू. मग रस्ता रुंद झाला तवा दुकानाची पाटी गेली. तुझ्या खोक्यावर होतं, तर तिथं जुगार आला." त्या थांबल्या. "एका जागी तरी असू दे. जिथनं मला बी कमी करता यायचं न्हाई."

मी सहा वर्षं त्या घरात त्यांच्यासोबत जेवत होते, झोपत होते, आणि ह्या ऑफिसातून त्या ऑफिसात त्या काय घेऊन फिरत होत्या ते मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं की आत्याबाई किती खंबीर, किती पटापट कागदपत्रं केली. मी त्यांचं कौतुकही केलं होतं तेव्हा, चार लोकांत. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत.

निरंजन लॅपटॉपवर वाकला. नुसतं मार्तंड अठरा हजारांचं होतं, पण लांब नाव घेतलं की स्वस्त. मार्तंड मास्तर नऊशे रुपयांत मिळत होतं. मराठी अक्षरांत हवं असं आत्याबाई म्हणाल्या, पण तिथं इंग्रजीच चालत होतं. मग त्यानं मास्टर असं लिहून वाचून दाखवलं ते त्यांना चाललं नाही. "मास्टर शाळेत. हे मास्तर." तो एकेक अक्षर खोडून पुन्हा लिहीत होता. आत्याबाई आत गेल्या आणि गव्हाच्या डब्यातून पैसे घेऊन आल्या. माझे देऊ केलेले त्यांनी हातानं बाजूला सारले.

"झालं," निरंजन म्हणाला. "आता शेवटचं बटण. नाव बरोबर आहे ना एकदा सांगा, नंतर बदलता येणार नाही. मार..."

मी घाईघाईनं त्यांच्या वतीनं सांगायला गेले. आत्याबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"थांब. मी घेते."

पदर डोक्यावरून नीट केला, पाय जुळवले आणि समोरच्या मशीनकडे, मास्तरांच्या जुन्या काळ्या मशीनकडे बघत त्या म्हणाल्या,

"सुईत ओवला दोरा, दोऱ्याला मारली गाठ,
मार्तंडरावांचं नाव घेते, आता सोडा माझी वाट."

निरंजननं बटण दाबलं.

पुढचं सगळं आमच्या घराला शोभेल असंच झालं. बारा शब्द आले. मी ते वहीच्या पानावर देवनागरीत लिहिले, कारण आत्याबाईंना इंग्रजी येत नाही. निरंजन ओरडला, वहिनी, स्टील लिहिलंय, म्हणजे भांड्याचं स्टील की 'अजून' ह्या अर्थाचं स्टिल? एक अक्षर चुकलं की संपलं. मग प्रत्येकाखाली इंग्रजी स्पेलिंग लिहिलं. तो कागद आत्याबाईंनी मास्तरांच्या मोजपट्टीच्या डबीत घडी करून ठेवला. मग त्यांनी भाच्यापुढं हात केला.

"पावती?"

निरंजन म्हणाला, मावशी, कागदाची पावती नसते ह्याला, ती नोंद हीच पावती. पण नऊशे रुपये देऊन पावती न घेणारी बाई ती नव्हे. शेवटी त्यानं आमचं बिलबुक ओढलं आणि तारीख टाकून लिहिलं, श्रीमती कलावती खटावकर यांस, नाव, नग एक. खाली सही ठोकली. आत्याबाईंनी ती वाचली, दोनदा वाचली आणि ब्लाऊजमध्ये ठेवली.

ह्याला आता पाच वर्षं होतील. शिरतोडे बाईंची ऑर्डर दरवर्षी येते. भाड्याच्या नावाची मुदत मी कॅलेंडरवर लाल शाईनं लिहिते, दहा वर्षांचं भरलेलं असूनही. ब्लॉकचेनवरची नावं अजूनही साध्या मोबाईलवर सरळ उघडत नाहीत. घेऊ का म्हणून कुणी विचारलं तर निरंजन आता आधी उलटा प्रश्न विचारतो, ते नाव कुणी बघायला हवंय का तुम्हाला? मास्तरांचं नाव जिथं आहे तिथं आहे. मी वर्षातून एकदा त्याच्याकडून उघडून घेते. आजवर तिथं आमच्याशिवाय कुणी आलेलं नाही. आत्याबाई बघत नाहीत. आहे ना, एवढं विचारतात.

पण मला सांगायचंय ते त्याच वर्षीच्या चंपाषष्ठीचं. त्या रविवारानंतर पंधरा दिवसांनी ती आली. शिवणकाम जोरात होतं, खोलीभर हिरव्या नऊवारी पसरलेल्या. त्यातच जागा करून आम्ही तळी भरली, भंडारा उधळला आणि आरतीला उभे राहिलो. सुहासच्या हातात ताट, आत्याबाईंच्या हातात टाळ. पहिलं कडवं झालं, पालुपद आलं. मी सवयीनं आत्याबाईंकडे पाहिलं. ओठ मिटायची वेळ झाली होती.

मिटले नाहीत. तो शब्द त्यांनी म्हटला. पुरता म्हटला, सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हटला. सुहासनं मान वळवून आईकडे बघितलं, ताट कललं आणि निरांजनातलं तूप भंडाऱ्यात सांडलं. दुसऱ्या कडव्याला पुन्हा तो शब्द आला, पुन्हा म्हटला. तिसऱ्यालाही.

आरती झाल्यावर त्या सगळ्यांच्या कपाळाला भंडारा लावत माझ्यापर्यंत आल्या. मी हळूच म्हटलं, "आत्याबाई, चक्क नाव घेतलंत?"

त्यांनी माझ्या कपाळावर ठसठशीत पिवळा पट्टा ओढला.

"मग? इकत घेतलंय मी," त्या म्हणाल्या. "पावती हाय माझ्याकडं."